इंग्रजी माध्यम वेगळे, इंग्रजी येणे वेगळे : शहापूर-मुरबाडच्या पहिलीतल्या मुलांसाठी

मे महिना सरत आला की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत नाक्यानाक्यावर शाळांचे फलक लागतात. टाय लावलेला मुलगा, हातात पृथ्वीचा गोल आणि मोठ्या अक्षरांत ‘इंग्लिश मीडियम’. त्याच दिवसांत जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी पट टिकवण्यासाठी वाड्यापाड्यांवर दारोदार फिरत असतात. बौद्धवाड्यातल्या घरात रात्री जेवताना या दोघांपैकी एकाची निवड होते. निवड करणारी आई शेतावर किंवा कंपनीत कामाला जाते. बाप पहाटे आसनगावहून लोकल पकडतो, नाहीतर मुरबाड एमआयडीसीत कंत्राटी शिफ्ट करतो. फी, गाडीभाडे, गणवेश, वर शिकवणी असा हिशेब ते बोटांवर करतात आणि बहुतेक वेळा म्हणतात, “आमचं झालं ते झालं, पोराला इंग्रजी आलं पाहिजे.”

या वाक्याला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. व्यासपीठावरून ‘मराठी वाचवा’ म्हणणाऱ्या अनेकांची मुले कुठल्या शाळेत जातात, हे आपल्या लोकांना चांगले ठाऊक आहे. तरीही मित्रांनो, एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नाव घातले म्हणजे इंग्रजी येईल, असे आपण समजून चाललो आहोत. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या एकच मानल्यामुळे कष्टाचा पैसा जातो आणि पोराच्या हाती धड मराठी नाही, धड इंग्रजी नाही अशी गत होते. म्हणून सहा वर्षांचे मूल इंग्रजी नेमके कसे शिकते, ते कुठे अडते आणि विहारात जमणाऱ्या तरुणांना त्यात काय करता येईल, ते या लेखात मांडतो.

आपल्याला इंग्रजी का हवी

इंग्रजीची ओढ आपल्या समाजात जाहिरातीतून आलेली नाही. सावित्रीबाईंच्या ‘काव्यफुले’ या १८५४ च्या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणाऱ्या कविता आहेत. ज्यांना संस्कृतच्या दारातही उभे केले गेले नाही, त्यांना ही नवी भाषा कोणाच्या सोवळ्याशिवाय मिळत होती. बाबासाहेबांना तर शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, पर्शियन घ्यावी लागली. उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी जिल्ह्यातल्या बांका गावी २०१० साली चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने ‘इंग्रजी देवी’चे मंदिर उभारायला घेतले गेले, तेही याच भावनेतून. मंदिराची कल्पना मला पटत नाही, कारण देवी झाली की पूजा सुरू होते आणि अभ्यास थांबतो. पण त्यामागचे दुःख खरे आहे.

बाबासाहेब इंग्रजी कसे शिकले, हे मात्र आपण फारसे सांगत नाही. सुभेदार रामजी लष्कराच्या शाळेत शिक्षक होते. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून घरी बसून करून घेतली, हे चरित्रांत येते. भाषांतर म्हणजे दोन भाषांवर एकाच वेळी उभे राहणे. मराठी वाक्याचा अर्थ नीट कळल्याशिवाय त्याचे इंग्रजी करता येत नाही. पुढे याच मुलाने १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवरचा निबंध इंग्रजीत वाचला आणि १९२० साली ‘मूकनायक’ मराठीत काढले. एक भाषा आली म्हणून दुसरी सोडावी लागली नाही.

आजही इंग्रजीची गरज खरी आहे. वरच्या वर्गातले विज्ञान, स्पर्धा परीक्षा, उच्च न्यायालयाचा निकाल, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असलेली राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, सगळीकडे इंग्रजी लागते. प्रश्न एवढाच आहे, की डोळखांबच्या किंवा धसईच्या पहिलीतल्या मुलीला तिथवर नेणारी वाट कुठून जाते.

पंचवीस वर्षांचा अनुभव

महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी हा विषय आहे. प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० सालापासून तो सुरू झाला. त्याआधी पाचवीपासून इंग्रजी होती. म्हणजे त्या वर्षी पहिलीत गेलेली मुले आज तिशीत आहेत आणि त्यांची स्वतःची मुले पहिलीत आहेत. पहिलीपासून इंग्रजी शिकलेली ही पिढी आज आपल्या मुलाला इंग्लिश मीडियममध्ये का घालते? कारण दहा वर्षे इंग्रजीचा तास बसूनही तिला इंग्रजी बोलता आले नाही. विषय चार वर्षे अलीकडे आला, पण शिकवण्याची रीत बऱ्याच ठिकाणी पाचवीतलीच राहिली : फळ्यावर शब्द, खाली स्पेलिंग, पुढे अर्थ, दहा वेळा लिहा.

‘असर’च्या २०२२ च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या सुमारे २४.५ टक्के मुलांना साधी इंग्रजी वाक्ये वाचता आली आणि आठवीतल्या ४६.७ टक्के. पाचवीचा आकडा २०१६ साली जवळपास एवढाच होता. या पाहणीत सरकारी आणि खासगी दोन्ही शाळांतली मुले येतात.

आता खासगी शाळेचे बघू. चांगल्या शाळा आहेत, नाही असे नाही. पण तालुक्याच्या ठिकाणी भाड्याच्या इमारतीत निघालेल्या कितीतरी शाळांत बाईंना स्वतःला इंग्रजीत चार वाक्ये सलग बोलता येत नाहीत. त्यांचा दोष नाही, तुटपुंज्या पगारावर त्या राबतात. मग वर्गात पुस्तक इंग्रजी, समजावणे अर्धे हिंदीत अर्धे मराठीत, आणि वहीत फळ्यावरून उतरवलेली उत्तरे. पालक वही उघडतात, पान इंग्रजीने भरलेले दिसते, समाधान होते. स्नेहसंमेलनात मूल हातवारे करून इंग्रजी बालगीत म्हणते, टाळ्या पडतात.

इथे आपल्या घरातलेच उदाहरण घेतो. आपली मुले चार-पाच वर्षांची असताना त्रिसरण-पंचशील घडाघडा म्हणतात. ऐकून छाती भरून येते. पण त्या मुलाला पाली येते, असे आपण कोणी म्हणत नाही. पाठांतराचे स्थान आपल्याला माहीत आहे : आधी कानावर पडावे, जिभेला वळण लागावे, अर्थ पुढे कोणीतरी सांगावा. अर्थ कोणी सांगितलाच नाही तर माणूस साठीचा होतो आणि वंदना तशीच म्हणत राहतो. इंग्रजी बालगीताचे तेच आहे. पालीच्या बाबतीत आपण फसत नाही, इंग्रजीच्या बाबतीत फसतो, कारण तिथे पैसे मोजलेले असतात.

मातृभाषा आड येते की वाट देते

भाषेचा प्रश्न भगवंतांसमोरही आला होता. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात यमेळू आणि तेकुल या दोन भिक्खूंची हकीकत आहे. ब्राह्मण कुळातले, गोड वाणीचे हे दोघे भाऊ. वेगवेगळ्या कुळांतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलून ते बिघडवतात, म्हणून ते छंदस् भाषेत घालावे, असे त्यांनी सुचवले. भगवंतांनी नकार दिला आणि धम्म आपल्या बोलीत शिकण्याची मुभा दिली. ‘आपली’ म्हणजे बुद्धांची मागधी, असा अर्थ पुढे बुद्धघोषांनी लावला, शिकणाऱ्याची स्वतःची बोली असा अर्थ आजचे बरेच अभ्यासक लावतात. मला दुसरा अर्थ संदर्भाला धरून वाटतो.

आधुनिक संशोधनही याच दिशेने जाते. जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकाने दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. खेळताना, दुकानात, मित्रांशी बोलण्यापुरती नवी भाषा मूल साधारण दोन वर्षांत उचलते. पण त्या भाषेत विचार करून शिकायला, कारण सांगायला, गोष्टीचे सार काढायला पाच ते सात वर्षे लागतात. आणि हे निष्कर्ष जिथे बाहेर सगळीकडे इंग्रजी कानावर पडते त्या देशातले आहेत. किन्हवलीच्या बाजारात किंवा म्हसाच्या यात्रेत ती कानावर पडत नाही. त्याचे दुसरे म्हणणे आपल्या अधिक उपयोगाचे आहे : वाचून अर्थ लावण्याची शक्ती एकदाच कमवावी लागते. ज्याला मराठीत ती आली, तो ती इंग्रजीत घेऊन जातो. ज्याला कुठल्याच भाषेत आली नाही, त्याला नेण्यासारखे काही नसते.

म्हणूनच २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्यतोवर मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरणही किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरते. या धोरणावर आपले इतर आक्षेप आहेत आणि ते राहतीलच, पण या मुद्द्यावर ते चुकीचे नाही. मातृभाषेतून शिका म्हणजे इंग्रजी उशिरा शिका, असा याचा अर्थ मी घेत नाही. गणित, परिसर, गोष्टी मराठीत समजून घ्याव्यात आणि त्याच वेळी पहिलीपासून इंग्रजी ही भाषा म्हणून, खेळत, बोलत, रोज शिकावी. हे दोन्ही एका वेळी चालते.

‘सेमी इंग्लिश’बद्दल एवढेच म्हणेन, की पहिलीपासून गणित इंग्रजीत नेण्याची घाई करू नये. संख्यानामांत मात्र इंग्रजी सोपी आहे हे कबूल. ‘तेवीस’ म्हणताना तीन आधी आणि लिहिताना दोन आधी, ‘ट्वेंटी थ्री’मध्ये तो उलटसुलट प्रकार नाही. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस तीन’ आले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता!

लहान मूल इंग्रजी कसे शिकते

पहिली गोष्ट, कान. मूल घरची भाषा बोलायला लागण्याआधी वर्षभर नुसते ऐकत असते. नव्या भाषेतही काही आठवडे ते गप्प राहते. या काळात “बोल, बोल” करून त्याला भंडावू नये. त्याऐवजी अंगाने उत्तर देता येईल असे खेळ घ्यावेत. जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात ही पद्धत मांडली. ताई म्हणते ‘स्टँड अप’ आणि स्वतः उभी राहते. ‘जंप’, ‘टच युवर नोज’, ‘गो टू द डोअर’, ‘गिव्ह द बॉल टू युवर फ्रेंड’. मूल एक शब्द न बोलता वाक्य समजते आणि ते समजले हे आपल्याला दिसते. पंधरा दिवसांनी मुलेच ताईला हुकूम सोडू लागतात. इथे चुका दुरुस्त करण्याची गरज नाही. मूल ‘ही गो’ म्हणाले तर आपण ‘येस, ही गोज’ म्हणून पुढे जावे, थांबवून ओशाळे करू नये.

दुसरी गोष्ट, मुलाला इंग्रजी आधीच थोडी येते हे त्याला दाखवून द्यावे. शहापूर-मुरबाडच्या मुलाच्या तोंडी लोकल, स्टेशन, तिकीट, पास, टँकर, मोटर, पाइप, ड्रम, चार्जर, बॅट, बॉल, डेपो, हायवे, कंपनी, गेट, लाइट हे शब्द रोज असतात. पहिल्या दिवशी मुलांना गोल बसवून असे शब्द गोळा केले तर पन्नासची यादी सहज होते. ‘मला इंग्रजी येत नाही’ ही भीती तिथेच निम्मी होते.

तिसरी गोष्ट अक्षरांची, आणि आपल्या मुलांचे घोडे इथेच अडते. देवनागरीत अक्षराचे नाव आणि त्याचा आवाज एकच. ‘क’ला ‘क’च म्हणतात. म्हणून मुलाची समजूत असते, की अक्षराचे नाव घेतले म्हणजे आवाज कळला. इंग्रजीत तसे नाही. ‘एच’ या नावात ‘ह’ कुठेच नाही. ‘डब्ल्यू’ नावात ‘व’ ऐकू येत नाही. ‘सी’ हे अक्षर ‘कॅट’मध्ये ‘क’ होते. मुलाला आपण एबीसीडी पाठ करायला लावतो आणि मग ‘सी-ए-टी कॅट’ म्हणायला सांगतो. त्याच्या कानाला ते ‘सीएटी’ ऐकू येते, त्यातून ‘कॅट’ कसे निघाले हे कोडे त्याला सुटत नाही. मग ते शब्दाचे चित्र पाठ करते. शंभर शब्दांपर्यंत हे चालते, पुढे बुद्धी थकते. चौथी-पाचवीत मूल ‘इंग्रजीत कच्चे’ ठरते ते असे.

म्हणून अक्षराचे नाव नंतर, आवाज आधी. सुरुवातीला एस, ए, टी, आय, पी, एन ही सहाच अक्षरे घ्यावीत आणि त्यांचे आवाज सांगावेत : स्, ॲ, ट्, इ, प्, न्. व्यंजन अर्धे म्हणावे. ‘ट’ असे पूर्ण म्हटले की त्यात ‘अ’ येतो आणि जोडताना मुलाचा ‘पिन’ऐवजी ‘पइन’ होतो. जोडाक्षरे वाचणाऱ्या मराठी मुलाला अर्धे अक्षर परके नसते. देवनागरी येणे हे इथे ओझे नसून भांडवल आहे. एवढ्या सहा अक्षरांतून पिन, टिन, पॅन, टॅप, नॅप, सिट, सॅट, टिप असे डझनापेक्षा जास्त शब्द मूल स्वतः वाचू शकते, पाठ न करता. (‘टॅप’ म्हणजे नळ हे आमच्याकडे चित्र काढूनच दाखवावे लागेल. तानसा, भातसा आणि मोडकसागर शहापूरच्या उशाशी, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात पाड्यावर टँकर. तो शब्द मात्र मुलांना आधीच पाठ असतो.)

इंग्रजी स्पेलिंग सरळ नाही, हे खरे. ‘नाइफ’मध्ये ‘के’ गप्प असतो, ‘पुट’ आणि ‘बट’ एकसारखे लिहून वेगळे म्हणतात. असे आडमुठे शब्द नंतर थोडे थोडे घ्यावेत. आधी नियमाने चालणारे शब्द वाचता आले की मुलाला स्वतःवर विश्वास बसतो.

उच्चारांचा बाऊ करू नये. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्हींना आपण ‘व’ म्हणतो, चालते. गोऱ्या साहेबासारखी जीभ वळली नाही म्हणून कोणाचे अडलेले नाही. मुंबईच्या कचेरीत उच्चारावरून जात हुंगणारी माणसे भेटतात, पण तो त्यांचा रोग आहे, त्याची भीती सहा वर्षांच्या मुलात आपणच पेरू नये.

चौथी गोष्ट, गोष्टी. इथे आपल्या विहाराकडे मोठा साठा आहे. जातककथांमधली लाव्या पक्ष्यांची गोष्ट घ्या. पारधी जाळे टाकतो, लावे एकजुटीने जाळ्यासकट उडतात, काटेरी झुडपावर जाळे अडकवून खालून निसटतात. पुढे त्यांच्यात भांडण लागते, तू उचल, मी का उचलू, आणि सगळे सापडतात. ही गोष्ट आधी मराठीत रंगवून सांगावी. मुलांना ती पूर्ण कळली, आवडली, की दुसऱ्या दिवशी तीच थोडक्या इंग्रजीत : बर्ड, नेट, ट्री, मॅन, अप, डाऊन, फ्लाय. एक चादर घ्यावी, तीच ‘नेट’. दहा मुले तिच्याखाली बसतात, ‘वन, टू, थ्री, फ्लाय!’ म्हटले की सगळी एकदम उचलतात. तिसऱ्या दिवशी दोन मुलांना भांडायला सांगावे, ‘यू लिफ्ट!’ ‘नो, यू लिफ्ट!’ अर्थ आधीच माहीत असल्यामुळे मुलाचे सगळे लक्ष नव्या शब्दांवर राहते. भाषांतर पाठमालेचे तत्त्व हेच, फक्त चादरीखाली.

छापील पुस्तकांसाठी प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर एकच चित्रगोष्ट मराठीत आणि इंग्रजीत मोफत मिळते. दोन्ही प्रती काढून एकत्र टाचल्या की झाले पुस्तक. मोबाईलवर कार्टून लावून देणे हा पर्याय नाही. समोर बोलणारे माणूस नसेल तर लहान मूल चित्र पाहते, भाषा फारशी उचलत नाही.

घरात इंग्रजी कोणालाच येत नसेल तर

आई-बापांची ही सर्वांत मोठी खंत असते. पण त्यांच्याकडून इंग्रजीची अपेक्षाच नाही. मुलाशी भरपूर बोलणे, आज विहारात कुठली गोष्ट झाली ते त्याच्याकडून घरच्या भाषेत ऐकणे, एवढे पुरे. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन शिकायला बसल्या. त्या शाळेतून नोकऱ्या मिळणार नव्हत्या. पण ज्या घरात आजी पाटी घेऊन बसते, त्या घरात नातवंडाला अभ्यासाला बस म्हणून ओरडावे लागत नाही.

पालकांना शाळा पारखायची असेल तर वही बघू नका. मुलाला पुस्तकातले एक पान वाचायला लावा आणि विचारा, “काय लिहिलंय, मराठीत सांग.” मग पुस्तकात नसलेला, अर्थही नसलेला तीन अक्षरी शब्द लिहून द्या, ‘मॅब’ किंवा ‘फिप’. आवाज जोडून वाचला तर मूल वाचायला शिकले आहे. गप्प बसले तर ते पाठांतर होते, मग फी कितीही असो. ही परीक्षा जिल्हा परिषद शाळेतल्या मुलालाही लावा.

आपल्या वाड्यापलीकडची मुले

शहापूर आणि मुरबाडमध्ये आपली वस्ती आदिवासी पाड्यांना लागून आहे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली मुले त्याच शाळेत बसतात. कातकरी मुलाची घरची बोली कातकरी, म्हणजे शाळेतली मराठी हीच त्याची दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. २०२५ साली राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी आणण्याचे आदेश काढले, विरोध झाल्यावर २९ जूनला ते मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वादात ‘तीन भाषांचे ओझे’ असे सगळे म्हणत होते. कातकरी मुलाच्या पाठीवर ते चार भाषांचे झाले असते, हे म्हणणारे थोडे होते. विहारातला वर्ग या मुलांसाठी उघडा नसेल तर तो अर्धाच वर्ग आहे. लाव्यांची गोष्ट त्यांच्या बोलीत कशी सांगायची, हे त्यांनाच विचारावे. आपल्या मुलांनाही एक भाषा फुकट मिळेल.

शाळेत आणि कायद्यात काय हाती आहे

विहारातला अर्धा तास शाळेची जागा घेऊ शकत नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी तक्रार केली होती, की सरकारचा पैसा वरच्यांच्या उच्च शिक्षणाकडे जातो आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण उपाशी राहते. आज कमी पटाच्या शाळा ‘समूह शाळे’त विलीन करण्याची भाषा होते तेव्हा पाड्यावरच्या मुलाच्या वाटेत ओढा आणि पावसाळा उभा असतो. गावची शाळा टिकली तरच पहिलीतली मुलगी शाळेत टिकेल.

शाळा व्यवस्थापन समिती हे त्यासाठीचे हत्यार आहे आणि आपण ते वापरत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार अनुदानित आणि सरकारी शाळांत या समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला, आणि दुर्बल व वंचित गटांतील पालकांना प्रमाणात जागा. समितीच्या बैठकीला जाऊन विचारता येते : इंग्रजीचा तास रोज होतो का, पेटीबंद ग्रंथालयातली पुस्तके मुलांच्या हातात कधी येणार, साठपर्यंत मुले असतील तर कायद्याने दोन शिक्षक हवेत, ते आहेत का आणि वर्षातले किती दिवस सर्वेक्षण व निवडणुकीच्या कामाला जातात. गुरुजींवर धावून जाऊ नका. दोन माणसे चार-पाच वर्ग सांभाळत असतात. त्यांना विहारातला वर्ग दाखवा, अनेक जण आनंदाने पुस्तके आणि तक्ते देतील.

खासगी शाळेतल्या २५ टक्के राखीव जागांबाबतही माहिती असावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना या प्रवेशासाठी उत्पन्नाच्या दाखल्याची अट नाही. मिळत असेल तर हा हक्क जरूर घ्यावा, पण दोन गोष्टी आधी पालकांना सांगाव्यात. फुकट शिक्षण आठवीपर्यंतच आहे, नववीची फी कुठून येणार ते आजच ठरवावे लागेल. आणि वर सांगितलेली ‘मॅब-फिप’ची परीक्षा त्या शाळेलाही लागू आहे.

सुरुवात कधी करावी

माझे मत, आषाढी पौर्णिमेला. वर्षावासात तीन महिने बऱ्याच गावांत संध्याकाळी ग्रंथवाचन होते. आया येतात, त्यांच्यामागे मुले येतात आणि मागे बसून पेंगतात किंवा दंगा करतात. वाचनाआधीचा अर्धा तास त्यांना द्यावा. शिकवायला डी.एड. झालेला तरुण असेल तर उत्तम, पण चित्रांचे पुस्तक मोठ्याने वाचू शकणारी बारावीची मुलगीही पुरते. सोबत एक जण मदतीला असावा, कारण पंधरा मुले आणि एक चादर एकट्याला आवरत नाहीत. रोज दहा मिनिटे हुकमांचा खेळ, दहा मिनिटे आवाज आणि शब्द, दहा मिनिटे गोष्ट. वह्या नकोत, गृहपाठ नको, परीक्षा नको. आठवड्यातून एकदा एकेका मुलाला बाजूला घेऊन तो किती आवाज ओळखतो ते एका कागदावर टिपून ठेवावे. तो कागद आपल्यासाठी, मुलाला दाखवण्यासाठी नाही.

अश्विन पौर्णिमेपर्यंत सहा अक्षरांपासून सुरुवात करून बहुतेक सगळे आवाज आणि चार-पाच जातककथा होतात. त्यानंतर घाई करावी लागते, कारण दिवाळी झाली की कातकरी वाडीतली घरे कुलूप लावून वीटभट्टीवर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पिशवीत टाचलेली दोन दुभाषी पुस्तके घालावीत. परत आणून देण्याची अट घालू नये.